आषाढातली मरळ

1866 चा आषाढ. अकोल्याहून अकोटकडे निघालं की पूर्णा आडवी येते. तिच्या काठावर तुम्ही उभे आहात. काळ्या मातीने पाय मणभर झालेत. या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी मचूळ लागतं, पण सातपुड्याकडून पहिला लोंढा आलाय आणि मासे चढणीला लागलेत. पोटात अंडी घेऊन ते धारेच्या उलट नाल्यांत, तुंबलेल्या बांधांत शिरताहेत.

सुताचं जाळं खांद्यावर टाकलेला भोई तुम्हाला एका डबक्याशी नेतो. पाण्यावर लालसर तवंग हलतोय. वाकून पाहता, तर ती पिलं आहेत, शेकड्यांनी. खाली काळी मरळ.

"बाप हाय थो त्याहिचा. बोट नका घालू, चावते."

पिलांजवळ काहीही आलं की मरळ त्यावर झेपावते. म्हणूनच या दिवसांत ती गळाला सहज लागते. ती उचलली की तासाभरात तो लाल थवा दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

पुढच्या साली, 1867 ला, रेल्वे नागपूरला पोचते. कापसासाठी आलेल्या त्या रुळांवरून मुंबईकडच्या सुक्या बोंबलालाही वऱ्हाडची वाट मोकळी होते.

आता एकदम 10 जुलै 1957. ओडिशातलं अंगुळ. हिरालाल चौधरी माशाला पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचतात आणि मासा बंदिस्त पाण्यात अंडी देतो. तुम्ही म्हणाल, वऱ्हाडचा याच्याशी काय संबंध? 1993 साली मोर्शीजवळ सिंभोऱ्याला या, कळेल. अप्पर वर्धा धरण उभं राहिलंय, वाहती वर्धा थांबलीय. कतला-रोहू मुळात गंगेकडचे. थांबलेल्या पाण्यात वाढतात खरे, पण वंश वाढवत नाहीत. त्यामुळे अशा धरणांत बीज बाहेरून सोडावं लागतं. हॅचरीतलं जिऱ्याएवढं ते मत्स्यजिरे, बोटाएवढं झालं की बोटुकली. थोडक्यात, धरणातला कतला म्हणजे पेरलेलं पीक. बारीक आसाच्या जाळ्याने कोवळं पीक कापलं नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतं. मरळीचं तसं नाही. 'आपल्याकडचा मासा' एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांना हा फरक सांगावासा वाटतो, पण बाजारात कोण ऐकतं!

आज. पुन्हा आषाढ, अमरावतीचा इतवारा. थर्माकोलच्या खोक्यांत बर्फावरचा आंध्रचा रोहू, डोळे पांढुरके. पापलेट आहे, पण 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ते केव्हाचं हे विचारूच नका. टोपल्यात धरणाचा कतला आहे. कल्ला उचलून बघा, लालभडक. शेजारच्या टबात जिवंत मरळ वळवळतेय.

"अंड्याची हाय भाऊ, नदीची. अशी भेटत नाही."

भाव कतल्याच्या दुपटीहून जास्त. तुम्ही कतल्याकडे बोट दाखवता. तो जरा नाराज होतो, कोयता उचलतो.

"डोकं ठेवू का काढू?"

"ठेवा. रस्सा करायचाय."