ब्रह्मचाऱ्याची भिक्षा व स्नातकाचें दान

शाळेंतील मुलांना दानधर्माचें वळण लावावें, ही कल्पना अर्वाचीन समजली जाते. सन १९४९ पासून दरवर्षीं ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळतात व त्याकरितां शाळांतूनहि निधि जमविला जातो. तथापि आपल्या प्राचीन ग्रंथांत दान हा अध्ययनाचाच एक भाग होता, व तो तीन पायऱ्यांनीं येतो असें दिसतें.

पहिली पायरी घेण्याची. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत ब्रह्मचाऱ्यानें नित्य भिक्षा मागावी, रोज एकाच घरचें अन्न घेऊं नये, होतां होईल तों आप्तांकडे जाऊं नये व मिळालेलें गुरूस निवेदन करून मग जेवावें, असा दंडक आहे. पहिली भिक्षा मात्र आई, बहीण किंवा मावशी यांजकडे मागावयाची; मुंजींतील भिक्षावळ तीच. हा दंडक त्रैवर्णिकांच्या मुलांपुरता होता, हें विसरतां येत नाहीं. पण त्यांत श्रीमंताचा मुलगा व गरिबाचा मुलगा असा भेद नाहीं. पुढें पुण्यांत मधुकरी मागून किंवा वार लावून शिकणाऱ्यांची परंपरा टिकली, तरी तेथें व्रत मागें पडून गरिबीच उरली. अशा विद्यार्थ्यांसाठींच १९०९ सालीं अनाथ विद्यार्थी गृह निघालें.

दुसरी पायरी पारखण्याची. कठोपनिषदांत पिता दूध आटलेल्या, थकलेल्या गाई दक्षिणेस देत असतां कुमार नचिकेत तें पाहतो, आणि असल्या दानानें दात्यास कोणती गति मिळेल, असा विचार त्याच्या मनांत येतो. मुलाच्या या शंकेस उपनिषत्कार औद्धत्य म्हणत नाहीं. त्याच्या ठायीं श्रद्धेनें प्रवेश केला, असें म्हणतो.

देण्याचा उपदेश यानंतरचा. बृहदारण्यकाच्या पांचव्या अध्यायांत ब्रह्मचर्य संपल्यावर प्रजापति ‘द’ हें एकच अक्षर उच्चारतो व मनुष्यें त्याचा अर्थ ‘द्या’ असा घेतात. तैत्तिरीयाच्या शीक्षावल्लींतहि वेद शिकवून झाल्यावरच आचार्य शिष्यास श्रद्धेनें, विनयानें व जाणतेपणानें देण्यास सांगतो.

आज शाळांतून बहुधा ही शेवटचीच पायरी शिकविली जाते. मुलगा वडिलांचें नाणें शिक्षकांच्या हातीं देतो. तें कोठें जातें हें त्यास ठाऊक नसतें, व आपण स्वतः कोणाचें काय घेतलें याची गणती त्यानें केलेली नसते. जमलेल्या निधीचा जमाखर्च वर्गांत वाचून दाखविला, तरी दुसऱ्या पायरीचें थोडें पुनरुज्जीवन होईल.

एक विनंति. मधुकरी मागणाऱ्यांच्या आठवणी पुष्कळ आहेत; मधुकरी घालणाऱ्या गृहिणींची बाजू त्या मानानें कमी लिहिली गेली. वारांच्या याद्या, घरखर्चाच्या वह्या, पाठशाळांचे हिशोब असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं ते अवश्य प्रसिद्ध करावे. घेणाऱ्याच्या शिक्षणाचा इतिहास देणाऱ्या हातांच्या नोंदीवांचून पुरा होणार नाहीं.