बिराजदार, हरिश्चंद्र

(१९५०–२०११). महाराष्ट्रातील नामवंत मल्ल व वस्ताद. महाराष्ट्र केसरी, रुस्तुम-ए-हिंद आणि राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेतील सुवर्णपदक हे तिन्ही मान त्यांच्या नावावर आहेत. तरीही मराठवाड्यात त्यांचे नाव आज निघते ते जास्त करून त्यांच्या पट्ठ्यांमुळे.

जन्म रामलिंग मुदगड (ता. निलंगा) येथे. निलंगा तालुका तेव्हा बीदर जिल्ह्यात होता; १९५६ मध्ये तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला. आज तो ज्यात आहे तो लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. त्या काळात मराठवाड्यात कुस्तीची हौस गावोगाव होती. परभणी, नांदेड, उस्मानाबाद या भागांतल्या जत्रांना फडाशिवाय रंग चढत नसे. पोरासोरांच्या रेवड्या-नारळावरच्या कुस्त्यांनी सुरुवात व्हायची, हलगीच्या ठेक्यावर जोड्या लागत जायच्या आणि दिवस कलताना शेवटची मोठ्या इनामाची कुस्ती सुटायची. पोटापाण्यासाठी कुस्ती करणाऱ्या मल्लाची कमाई ती हीच : जत्रेमागून जत्रा आणि इनाम. दूध, तूप, बदाम हा खुराक त्यातूनच भागवायचा. एखादा हंगाम दुखापतीत गेला की खुराक तुटलाच.

हौस होती, पण मोठा मल्ल घडवणारी तालीम जवळपास नव्हती. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयामुळे ती व्यवस्था कोल्हापुरात उभी राहिली होती आणि राज्यभरातून जिद्दीची पोरे तिकडेच जात. बिराजदारही गेले. गंगावेस तालमीत त्यांची मेहनत झाली. ‘कोल्हापूरचा मल्ल’ ही ओळख त्या काळी गावाच्या नावापेक्षा मोठी ठरे, त्यामुळे बिराजदारांच्या यशाचे श्रेयही बरेचसे कोल्हापूरच्या खात्यात जमा होते. ते अगदीच गैर म्हणता येत नाही.

१९६९ चे महाराष्ट्र केसरी अधिवेशन लातूरला भरले आणि किताब बिराजदारांनी जिंकला. वय अवघे एकोणीस, आणि मैदान घरचे. पुढच्याच वर्षी एडिंबरो येथे राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. भारताने तेथे मिळवलेली पाचही सुवर्णपदके कुस्तीतली होती. त्यांतले एक बिराजदारांचे. मातीत वाढलेल्या मल्लाला हे यश किती अवघड होते, हे मातीतली आणि राष्ट्रकुलसारख्या स्पर्धांतली मॅटवरची असे कुस्तीचे दोन्ही प्रकार पाहिल्यावरच कळते. मातीतली कुस्ती निकाली असते. वेळ लागेल तेवढा लागो, प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली की चितपट. अंगात दम असलेला मल्ल समोरच्याला दमवत, घुसळत, घटकाभर वाट पाहू शकतो. मॅटवर घड्याळ चालू असते, गुण पडत असतात, वर्तुळाबाहेर पाऊल गेले तरी हिशेब होतो. तेल, ताक, हळद घालून मुरवलेली मऊ माती पाय धरून ठेवते. मॅटवर तोच पाय झरकन सरकतो आणि पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, आलेला गडी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच खाली शिरतो. त्या काळी महाराष्ट्रात मॅट ही दुर्मीळ वस्तू होती. अनेक नामांकित मल्ल आयुष्यभर मातीतच राहिले.

रुस्तुम-ए-हिंद हा किताबही त्यांनी मिळवला. इनामी मैदानांतली त्यांची सर्वांत गाजलेली कुस्ती मात्र दिल्लीच्या सत्पालबरोबरची, बेळगावची. सत्पाल तेव्हा ऐन भरात होता आणि महाराष्ट्राच्या मोठमोठ्या मल्लांना जड जात होता. बिराजदारांनी त्याला हरवले. जुने शौकीन राष्ट्रकुलच्या पदकाच्या आधी या कुस्तीबद्दल बोलतात. पदकापेक्षा मैदानाची किंमत जास्त धरणारी ही जुनी दृष्टी आहे. खेळाच्या इतिहासकाराला ती पटायची नाही, पण बिराजदारांची कीर्ती पसरली ती याच दृष्टीच्या लोकांमुळे.

लढणे थांबल्यावर ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद म्हणून रमले. मराठवाड्याच्या पोराला कोल्हापूरखेरीज दुसरी वाट मिळाली ती इथे. त्यांचे शिष्य काका पवार लातूर जिल्ह्यातलेच. ते ग्रीको-रोमन प्रकारात चमकले आणि १९९८ च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. या प्रकारात कमरेखाली धरायची मुभाच नसते. पटावर जीव टाकणाऱ्या मराठी कुस्तीत वाढलेल्या मल्लाने त्यात नाव काढावे, ही साधी गोष्ट नव्हे. आपला डाव शिष्याच्या गळी उतरवणारे वस्ताद पुष्कळ असतात. पोराच्या अंगकाठीला काय मानवेल ते ओळखणारे थोडे.

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे हा त्यांचा शेवटच्या काळातला पट्ठा. खेळातील आजीवन योगदानासाठीचा ध्यानचंद पुरस्कार बिराजदारांना २००६ मध्ये मिळाला; २०११ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर आवारेची मेहनत काका पवारांनी पुढे चालवली. म्हणजे वस्ताद गेल्यावर पोरगा उघड्यावर पडला नाही, गुरुबंधूकडे गेला. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाच्या अंतिम लढतीत आवारेने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५–७ असे हरवले आणि ते सुवर्णपदक दिवंगत बिराजदारांना अर्पण केले. गुरूला एडिंबरोत याच स्पर्धेचे सुवर्ण मिळून तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत आवारेने ६१ किलो गटात कांस्यपदकही मिळवले.

जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर आले. दोघेही काका पवारांच्या तालमीतले, म्हणजे बिराजदारांच्याच शिष्यपरंपरेतले. सदगीर जिंकला आणि हरलेल्या शेळकेला खांद्यावर घेऊन मैदानात फिरला.