मागच्या दाराने दिलेले मानपत्र

१९८९ सालच्या फेब्रुवारीच्या २२ तारखेस लॉस एंजेलिस येथील श्राइन सभागृहात ग्रॅमी पारितोषिकांचा एकतिसावा समारंभ झाला. त्या वर्षी रॅपसाठी प्रथमच स्वतंत्र पारितोषिक ठेवले होते. उमेदवार पाच होते. ज्यांना ते मिळाले ती जोडी, डीजे जॅझी जेफ आणि फ्रेश प्रिन्स, सभागृहात नव्हती. एल. एल. कूल जे नव्हता, सॉल्ट-एन-पेपा हा स्त्रियांचा संचही नव्हता. मान मिळत असता तो घ्यावयास माणसे आली नाहीत, हा वरवर पाहता उर्मटपणा वाटेल. आम्ही संगीताचे जाणकार नव्हे. आमची हयात मागणीपत्रे लिहिण्यात आणि गेटावरच्या सभांत गेली. पण न येण्याचाही काही अर्थ असतो, एवढे आम्हांस त्या हयातीने शिकविले आहे.

हिप-हॉपचा जन्म ज्या वस्तीत झाला तिचा परिचय आधी करून घेतला पाहिजे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातून रॉबर्ट मोझेसच्या योजनेतला मोठा मोटाररस्ता गेला तेव्हा नांदत्या वस्त्या मधोमध चिरल्या गेल्या. सत्तरच्या दशकात तर तेथील इमारती एकामागून एक आगीत जात होत्या. अशा ठिकाणी, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक नाचाची मेजवानी ठेवली. संगीताचे काम तिच्या भावाकडे. तो जमैकात जन्मलेला. कूल हर्क या नावाने पुढे प्रसिद्ध झाला. नाचणाऱ्यांना गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा सर्वांत जास्त आवडतो, हे त्याने हेरले होते. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर आळीपाळीने फिरवून तो तुकडा हवा तितका लांबवण्याची युक्ती त्याने काढली. त्या तालावर बोलणारे आले, आणि त्यांच्या बोलण्याचे रॅप झाले.

येथे एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. याच तबकडीविरुद्ध अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने जेम्स पेट्रिलो याच्या नेतृत्वाखाली १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बंदी घातली होती. यंत्र वाजू लागले की हाडामांसाचा वादक उपाशी मरेल, ही त्यांची भीती. आणि ती खोटी नव्हती. बड्या कंपन्यांशी तडजोड व्हावयास १९४४ उजाडले. त्यानंतर तीस वर्षांच्या आत ब्राँक्समधल्या पोरांनी त्या यंत्राचेच वाद्य केले!

ग्रॅमी देणारी अकादमी १९५७ साली स्थापन झाली आणि १९५९ पासून पारितोषिके देऊ लागली. येथे कौल श्रोत्यांचा नसतो. गायक, वादक, निर्माते, ध्वनिमुद्रक अशा व्यवसायबंधूंचा असतो. १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी निघून हे बोलगाणे घरोघर पोहोचले, तरी व्यवसायबंधूंनी त्यासाठी स्वतंत्र पारितोषिक ठेवावयास दहा वर्षे घेतली. आणि ठेवले तेही कसे? दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण सुरू होण्यापूर्वीच ते उरकून घेण्याचे ठरले. सत्तरांहून अधिक पारितोषिके, वेळ कोठून आणावा, असा खुलासा झाला. खुलासा खोटा नसेलही. पण वेळ कमी पडला की तो कोणाच्या वाट्यातून कापला जातो, हे पाहणाऱ्याला सगळे दिसते.

पाचांपैकी तिघांनी बहिष्कार घातला. जे. जे. फॅड हा संच आणि कूल मो डी हे मात्र गेले. आमच्याकडे अशा माणसास संपफोड्या म्हणून मोकळे होतात. आम्ही तसे म्हणणार नाही. कूल मो डी व्यासपीठावर चढला तो दुसऱ्या एका गायकाचे पारितोषिक जाहीर करण्यासाठी. पण तेथे त्याने रॅपमध्ये चार शब्द ऐकवले, आणि त्यांत गैरहजर सोबत्यांचीही आठवण ठेवली. बाहेर राहणारे आणि आत जाऊन बोलणारे, दोघांचाही त्या वर्षी उपयोग झाला असे आमचे मत आहे. पुढच्याच वर्षी, १९९० साली, रॅपचे पारितोषिक प्रक्षेपणात दिले गेले. बहिष्कार घालणारी ती जोडीही त्या मंचावर सादर झाली.

मागणी इतक्या लवकर का पदरात पडली? कारण ती मिनिटांत मोजता येत होती. पुढची मागणी तशी नव्हती. पंगतीत घेतले, पण पान वेगळे मांडले, असा प्रकार पुढे चालू राहिला. रॅपच्या खान्यात बक्षिसे वाढत गेली. १९९६ पासून संपूर्ण अल्बमसाठीही एक मिळू लागले. पण 'वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बम' हा मुख्य मान हिप-हॉपला १९९९ साली लॉरिन हिलच्या आणि २००४ साली आउटकास्टच्या रूपाने मिळाला, त्यानंतर २०२५ पर्यंत एकदाही नाही. केंड्रिक लामारचे उदाहरण घ्या. २०१४ साली रॅपच्याच खान्यात मॅकलमोर आणि रायन लुईस या गोऱ्या जोडीपुढे तो हरला, आणि मॅकलमोरने स्वतःच बक्षीस त्याचे होते असे जाहीर कळविले. २०१८ साली 'डॅम' या अल्बमला मुख्य मान नाकारला गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच अल्बमला पुलित्झर पारितोषिक मिळाले, जे तोवर अभिजात आणि जॅझ संगीताबाहेर कोणाला मिळाले नव्हते. २०१९ साली 'धिस इज अमेरिका' हे वर्षातील सर्वोत्कृष्ट गीत ठरलेले पहिले रॅप. त्याचा कर्ता चाइल्डिश गॅम्बिनो समारंभास आलाच नाही. २०२५ साली लामारच्या एकाच गाण्याला पाच ग्रॅमी मिळाले.

मतदाराच्या मनातली किंमत बहिष्काराने वाढत नाही; आणि एकट्याच्या बहिष्काराने तर नाहीच. जे-झी याने १९९९ साली तो करून पाहिला. डीएमएक्सचे दोन अल्बम एकाच वर्षात पहिल्या क्रमांकावर गेले असूनही त्याला एकही नामांकन नाही, म्हणून तो गेला नाही. त्याच रात्री रॅपच्या अल्बमचे पारितोषिक मात्र त्याला स्वतःला मिळाले. पुढे ४ फेब्रुवारी २०२४ रोजी तोच जे-झी मुलीला शेजारी घेऊन ग्रॅमीच्या मंचावर उभा होता. १९८९ च्या त्या जोडीने बहिष्कार घातला खरा, पण हॉटेलात जाऊन समारंभ दूरचित्रवाणीवर पाहिला, असे त्याने सांगितले तेव्हा सभागृहात हशा पिकला. आपणही १९९९ साली घरी बसून तो पाहिलाच, हेही त्याने सांगून टाकले.