थ्रेड : यानाची दुरुस्ती, तिचे वेळापत्रक आणि न हलणारी तारीख

देवपूर बसस्थानकातून एसटी वेळेवर सुटावी यासाठी आदल्या रात्री आगारात बरेच काही जुळून यावे लागते. गाडीखाली जाण्याचा खड्डा रिकामा हवा, कारागीर पाळीवर हवा, सुटा भाग हाताशी हवा. भुसावळच्या कारखान्यात रेल्वेचे विद्युत इंजिन नियतकालिक दुरुस्तीसाठी येते, तेव्हा हेच गणित मोठे होते. अमेरिकेच्या स्पेस शटलबाबत ते इतके मोठे झाले की त्यासाठी स्वतंत्र संगणकप्रणाली लिहावी लागली. हा धागा तिच्याविषयी, आणि तिच्या हाती नसलेल्या एका गोष्टीविषयी.

शटल हे पुन्हा पुन्हा वापरायचे यान. दोन उड्डाणांमधील जमिनीवरच्या कामासाठी मूळ आराखड्यात १६० तास धरले होते, म्हणजे दोन पाळ्यांत साधारण दोन आठवडे. हा पल्ला कधीच गाठला गेला नाही. सर्वांत जलद फेरा अटलांटिसचा : ३ ऑक्टोबर १९८५ च्या उड्डाणानंतर पुढचे २६ नोव्हेंबरला. ५४ दिवस!

एवढा वेळ का लागे? उष्णतारोधक फरशाच वीस हजारांहून अधिक. त्या एकेक तपासायच्या. इंजिने उतरवायची, पुन्हा बसवायची. विषारी इंधनाचे काम सुरू असताना आसपास दुसऱ्या कोणी थांबायचे नाही. एखाद्या कामाला मालकक्षाची दारे उघडी लागत, तर दुसऱ्याला मिटलेली. त्यात तपासणीत एखादा दोष सापडला की नवे काम निघे आणि आधीची सगळी मांडणी विस्कटे.

ही मांडणी अखेर माणसांच्या अंगावर येई. कोलंबियाचे ६ जानेवारी १९८६ चे प्रक्षेपण अवघे ३१ सेकंद उरले असताना थांबवावे लागले. टाकीतील सुमारे १८,००० पौंड द्रवरूप ऑक्सिजन चुकून बाहेर सोडला गेला होता. नियंत्रण फलकावरील कर्मचारी बारा-बारा तासांच्या रात्रपाळीच्या तिसऱ्या दिवशी होते आणि त्या पाळीतही अकरा तास उलटले होते. ही नोंद रॉजर्स आयोगाच्या अहवालात आहे. त्याच महिन्याच्या २८ तारखेला चॅलेंजर फुटले. त्याचे तांत्रिक कारण निराळे, रबरी कड्यांचे. पण उड्डाणांची संख्या वाढवण्याच्या दडपणावर आयोगाने स्वतंत्रपणे बोट ठेवले.

यानंतरच्या वर्षांत नासाच्या कॅलिफोर्नियातील एम्स केंद्रात मॉन्टी झ्वेबेन आणि सहकाऱ्यांनी ‘गेरी’ नावाची प्रणाली रचली. तिच्यामागची कल्पना सुरेख होती. मांडणी बिघडली म्हणून कोऱ्या पाटीवरून पुन्हा आरंभ करायचा नाही. आहे त्याच वेळापत्रकात जिथे दोन कामे आपटतात, तिथे एखादे काम सरकवून पाहायचे. सुधारणा झाली तर स्वीकारायची. कधीकधी किंचित वाईट बदलही मुद्दाम पत्करायचा, कारण त्याशिवाय कोंडी फुटत नाही. शनिवार-रविवारचे काम कमी व्हावे आणि आधी सांगितलेल्या वेळा शक्यतो बदलू नयेत, हेही तिच्या हिशेबात होते. थकल्या कर्मचाऱ्यांची ती नोंद वाचल्यावर या अटीचे मोल वेगळेच वाटते. केनेडी केंद्रातील कामासाठी ही प्रणाली वापरात आली. पुढे झ्वेबेन यांनी रेड पेपर ही कंपनी काढून हेच तंत्र कारखान्यांच्या नियोजनात नेले. १९९६ मध्ये ती पीपलसॉफ्टने घेतली.

जमिनीवरची कामे अशी सरकवता येऊ लागली. उड्डाणाची तारीख मात्र यंत्र ठरवत नसे. ती वरून येई.

अशीच एक तारीख होती १९ फेब्रुवारी २००४. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा ‘नोड २’ हा भाग त्या दिवशी निघालाच पाहिजे, असा नासाच्या नेतृत्वाचा आग्रह होता. व्यवस्थापकांना संगणकाच्या पडद्यासाठी एक चित्र पाठवण्यात आले. त्यावर त्या तारखेला उरलेले दिवस, तास, मिनिटे आणि सेकंद उलटे मोजले जात. हे खरेच घडले. कोलंबिया अपघाताच्या चौकशी मंडळाने त्याची दखल घेतली आहे.

ऑक्टोबर २००२ मध्ये अटलांटिसच्या उड्डाणात बाह्य टाकीवरील फेसाचा मोठा तुकडा निखळला होता. त्याच्या कारणांचा शोध घेण्याचे काम नेमून दिले गेले, पण त्याची मुदत पुढच्या उड्डाणानंतरची ठेवली गेली. मग तीही ढकलली, थेट कोलंबियाच्या उड्डाणापलीकडे. वेळापत्रकात सरकले ते नेमके हे काम.

कोलंबिया १६ जानेवारी २००३ रोजी निघाले. ८२ व्या सेकंदाच्या सुमारास तसाच तुकडा त्याच्या डाव्या पंखावर आदळला. १ फेब्रुवारीला परतताना यान विखुरले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

‘नोड २’ अखेर डिस्कव्हरीने नेला, २३ ऑक्टोबर २००७ रोजी. पडद्यावरच्या त्या तारखेनंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळाने.