इंजिन ऑइल काळं झालं म्हणजे बदलायलाच हवं का? ऑइलची 'रक्ततपासणी' काय सांगते?

गॅरेजमध्ये डिपस्टिक बाहेर निघते, मेकॅनिक ऑइल दोन बोटांत चोळून बघतो आणि सांगतो, "साहेब, काळं झालंय, बदलून टाकू." आपणही मान डोलावतो. पण ऑइल काळं होणं म्हणजे ते खराब होणं नव्हे. डिझेल इंजिनात तर नवं ऑइलही लवकरच काळं पडतं. ज्वलनातून तयार होणारी काजळी पकडून ठेवणं हे त्याचं कामच आहे. उलट दिसायला स्वच्छ असलेलं ऑइल आतून निकामी झालेलं असू शकतं.

मग खरं काय ते कळणार कसं? त्यासाठी प्रयोगशाळेत वापरलेल्या ऑइलची तपासणी करतात. ती कशी होते आणि त्यातून आपल्या गाडीबद्दल काय शिकता येतं, ते पाहू.

ऑइल 'संपतं' म्हणजे काय होतं?

इंजिन ऑइल म्हणजे मूळ तेल आणि त्यात मिसळलेली रसायनं, म्हणजेच ॲडिटिव्ह. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची संयुगं ज्वलनातून येणारं आम्ल मारतात आणि इंजिन आतून स्वच्छ ठेवतात. जस्त आणि फॉस्फरसचं संयुग धातूवर संरक्षक थर तयार करतं. वापरासोबत ही रसायनं खर्च होतात. उष्णतेने ऑइल घट्ट होतं, तर त्यात पेट्रोल किंवा डिझेल मिसळलं की पातळ होतं. दोन्ही स्थितींत इंजिनाची झीज वाढते.

ही तपासणी आली कुठून?

रेल्वेतून. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेच्या प्रयोगशाळेत डिझेल इंजिनांच्या जुन्या ऑइलमधल्या धातूंचं प्रमाण मोजायला सुरुवात झाली. त्यावरून इंजिन न उघडता बिघाड आधीच ओळखता येऊ लागला. पुढे लष्करी विमानांसाठीही ही पद्धत वापरली गेली. भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही लोकोच्या ऑइलची अशी तपासणी होते.

रिपोर्टमध्ये काय असतं?

धातूंचं प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असं दिलेलं असतं.

• लोखंड: सिलिंडर, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट यांची झीज
• ॲल्युमिनियम: बहुतेक वेळा पिस्टन
• क्रोमियम: पिस्टन रिंग
• तांबं आणि शिसं: बेअरिंग (तांबं ऑइल कूलरमधूनही येऊ शकतं)
• सिलिकॉन: बाहेरची धूळ, क्वचित गॅस्केटला लावलेलं सीलंट
• सोडियम, पोटॅशियम: कूलंटची गळती

याशिवाय ऑइलचा दाटपणा, त्यात मिसळलेलं इंधन, पाणी आणि काजळी मोजतात. 'टीबीएन' हा आकडाही महत्त्वाचा. आम्ल मारण्याची किती ताकद ऑइलमध्ये शिल्लक आहे, ते त्यावरून समजतं. नव्या ऑइलच्या तुलनेत तो निम्म्यावर आला, की सहसा बदलण्याची वेळ जवळ आली असं मानतात.

एका रिपोर्टवर निकाल नको

समजा, एका ट्रकच्या लागोपाठ तीन रिपोर्टमध्ये लोखंड २०, २३ आणि २२ पीपीएम आलं. चौथ्यात ते ६० झालं आणि सिलिकॉनही ६ वरून २८ वर गेलं. दोन्ही एकदम वाढले, म्हणजे धूळ आत शिरते आहे. एअर फिल्टर नीट बसलेला नसेल किंवा पाइपला चीर असेल. इथे नुसतं ऑइल बदलून उपयोग नाही, कारण नवं ऑइलही तीच धूळ खाणार. आत्ता फिल्टर आणि पाइप बघितला तर काम थोडक्यात भागतं, नाहीतर इंजिन खोलावं लागतं आणि ट्रक उभा राहतो.

नव्या इंजिनात सुरुवातीला धातू जास्तच दिसतात, त्याने घाबरू नये. एक मर्यादाही लक्षात ठेवा. नेहमीच्या चाचणीत फक्त अतिसूक्ष्म कण मोजले जातात. एखादा भाग अचानक तुटून मोठे तुकडे पडले, तर ते या आकड्यांत दिसतीलच असं नाही.

किलोमीटर मोजायचे की तास?

खरी मेख इथे आहे. १०,००० किलोमीटर ताशी सरासरी ५० च्या वेगाने कापले, तर इंजिन २०० तास चालतं. तेच अंतर शहराच्या ट्रॅफिकमध्ये ताशी २० च्या सरासरीने कापलं, तर ५०० तास! मीटर दोन्हीकडे सारखाच, पण ऑइलने अडीच पट वेळ काम केलेलं असतं. म्हणूनच ट्रॅक्टर आणि जनरेटरचं ऑइल तासांवर बदलतात.

सगळ्यात वाईट म्हणजे रोजचा दोन-तीन किलोमीटरचा प्रवास. इंजिन पुरेसं तापत नाही, त्यामुळे ऑइलमध्ये जमलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. त्यामुळेच गाडी कमी चालली तरी मॅन्युअलमध्ये 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं.

मग आपण काय करायचं?

स्वतःच्या कारसाठी किंवा बाइकसाठी दरवेळी तपासणी करणं सहसा परवडत नाही. तीन-चार लिटर ऑइल बदलणंच सोपं. मॅन्युअलमधलं अंतर पाळा. धूळ, घाट, जड ओझं किंवा सततचं ट्रॅफिक असेल, तर त्यातच 'कठीण वापरा'साठी दिलेलं कमी अंतर पाळा. मात्र ऑइलची पातळी अधूनमधून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट गेलेलं असू शकतं. बीएस-६ डिझेल गाडीत पातळी वाढत असेल, तर डीपीएफ साफ होताना जादा डिझेल ऑइलमध्ये उतरत असू शकतं. दोन्ही वेळा गाडी लगेच दाखवा.

ज्यांच्याकडे ट्रक, बस, जेसीबी किंवा मोठे जनरेटर आहेत, त्यांना ही तपासणी फायद्याची ठरते. नमुना गरम इंजिनातून, कोरड्या स्वच्छ बाटलीत घ्यावा. ऑइल सोडताना सुरुवातीची धार जाऊ द्यावी आणि मधली धरावी. बाटलीवर ऑइलचा ग्रेड, त्यावर झालेले तास किंवा किलोमीटर आणि मध्ये किती टॉप-अप केलं ते लिहावं. आकडे सलग चांगले आले, तरच अंतर थोडं वाढवावं आणि पुन्हा तपासावं. वॉरंटी चालू असेल, तर मात्र कंपनीने दिलेलं अंतर ओलांडू नये.

आणि काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका. कायद्याने तो घातक कचरा आहे. ते अधिकृत संकलकाकडेच द्यावं.

पुढच्या वेळी कुणी "काळं झालंय" म्हणालं, तर आधी त्याला विचारा: शेवटचं ऑइल कधी बदललं आणि तेव्हापासून गाडी कशी चालली?