ऑइलमध्ये पाणी : चंद्रपूर-गडचिरोलीच्या मोटार दुरुस्तीच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना :
वनप्रदेशातील दळणवळणाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचा भर साहजिकपणे रस्ते, पूल व रेल्वेमार्ग यांवर राहिला आहे. रस्ता झाला म्हणजे वाहतूक सुरू झाली, असे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुतः रस्त्यावर गाडी चालती ठेवणे हे स्वतंत्र कार्य आहे आणि त्याचाही इतिहास आहे. प्रस्तुत लेखात डिझेल इंजिनाच्या एकाच दोषाच्या आधारे या उपेक्षित अंगाचा विचार केला आहे. इंजिन थंड ठेवणारे पाणी वंगणाच्या तेलात उतरणे, हा तो दोष होय. मिस्त्रीमंडळी त्याला ‘ऑइलमध्ये पाणी’ एवढेच म्हणतात.

पार्श्वभूमी :
टेल्को व डाइमलर-बेंझ यांचा मालमोटारींच्या उत्पादनाचा करार १९५४ मध्ये झाला. अशोक लेलँड हे नाव १९५५ मध्ये रूढ झाले. त्यानंतरच्या दोन दशकांत डिझेल मालमोटारी व एस.टी. बसगाड्या विदर्भाच्या पूर्व टोकापर्यंत पोहोचल्या. लोहमार्ग मात्र त्या प्रमाणात पोहोचला नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा त्याच्या वाट्याला वडसा (देसाईगंज) हे एकच रेल्वेस्थानक आले. तेथून आलापल्ली, भामरागड, सिरोंचा या दिशांना जे काही जाई, ते मोटारीनेच. सिरोंचा तर गडचिरोलीपासूनही सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. अशा ठिकाणी इंजिन निकामी होणे ही केवळ गाडीमालकाची अडचण राहत नाही. धान्य, औषधे, टपाल, रुग्ण, सारेच तिथे अडकते.

दोषाची कारणे :
चंद्रपूरचा उन्हाळा प्रसिद्धच आहे. मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या आसपास जातो. जिथे पाणी गोठण्याचे भय नाही, तिथे रेडिएटरमध्ये साधे पाणीच भरले जाई, आणि तेही वाटेत मिळेल ते : हातपंपाचे, विहिरीचे, प्रसंगी नाल्याचे. त्यातील क्षार व गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. पाण्याचे अभिसरण मंदावते, इंजिन तापते, हेड किंचित वाकते आणि गॅस्केट उडते. ज्या इंजिनांत लायनरला बाहेरून थेट पाणी लागते, त्यांत लायनरच्या तळाची रबरी सीलही कालांतराने कडक होऊन पाणी खाली सोडू लागते. तिसरी वाट ऑइल कूलरची, चौथी तडकलेल्या हेडची.

निदानाची रीत :
डिपस्टिक ओढली की तिला चहासारखे दुधाळ ऑइल लागलेले दिसते. क्रँकशाफ्टने घुसळल्यामुळे तेल व पाणी यांचे मिश्रण बनलेले असते. त्याची वंगणशक्ती घटलेली असल्याने गाडी तशीच पुढे रेटली तर बेअरिंग जळते. म्हणून पहिला नियम : इंजिन बंद.

परंतु दुधाळ ऑइल दिसले म्हणजे गॅस्केट गेलेच, असे नाही. या जिल्ह्यांत पावसाळ्यात रपटे पाण्याखाली जातात. त्यातून गाडी काढताना बाहेरचे पाणी ब्रीदर किंवा डिपस्टिकच्या वाटेने चेंबरमध्ये शिरू शकते. त्या वेळी ऑइल बिघडते, पण रेडिएटरची पातळी जागच्या जागी असते. उलट रेडिएटर वारंवार भरावा लागत असेल आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर पाणी आतूनच जात आहे. ही साधी तुलना नवशिक्याकडून सुटते आणि निष्कारण हेड उतरवले जाते. दमट हवेत थोड्याच अंतरावर फिरणाऱ्या गाडीच्या ऑइल भरण्याच्या टोपणाखाली जमणारा पांढरट थरही असाच फसवा असतो. तो बाष्पाचा असतो.

पुढील तपासणीचा तर्क दाबावर उभा आहे. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर ज्वलनाचा वायू पाण्यात घुसत आहे, म्हणजे संशय गॅस्केट किंवा हेडवर. पाण्यावर तेलाचा तवंग दिसल्यास ऑइल कूलर तपासावा. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्याहून अधिक असल्याने तेल पाण्यात जाते आणि इंजिन बंद झाल्यावर, पाण्यात दाब उरलेला असेपर्यंत, प्रवाह उलटतो. यांपैकी काहीच नसेल, तर गाडी रात्रभर उभी ठेवून चेंबरचा नट हळूच सैल करतात. मिश्रणातून सुटलेले जड पाणी तळाशी बसलेले असल्यास आधी तेच बाहेर येते. मग चेंबर उतरवून रेडिएटरमधून दाब देतात आणि खालून पाहतात. थेंब ज्या लायनरच्या कडेने ओघळतो, तोच दोषी. अंधारी रात्र, एक बॅटरी आणि धीर यांवर होणारी ही परीक्षा माझ्या मते कोणत्याही प्रयोगशाळेतील निरीक्षणाइतकीच शिस्तबद्ध आहे.

दुरुस्ती आणि अंतर :
सील बदलणे स्थानिक गॅरेजमध्ये शक्य होते. हेडचे तसे नव्हते. सरळ पट्टी व फिलर गेजने त्याचा वाक मोजता येतो, पण फेसिंगसाठी यंत्र लागते, आणि तडा शोधण्यासाठी दाबाची चाचणी. त्यासाठी हेड मोठ्या गावी न्यावे लागे. एस.टी. महामंडळाच्या विदर्भातील मोठ्या कामांसाठीची मध्यवर्ती कार्यशाळा नागपूरजवळ हिंगणा येथे आहे. दुर्गम भागातील दुरुस्तीचा बराचसा काळ असा पान्यापेक्षा प्रवासातच खर्च होई. नवे गॅस्केट बसवताना बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळावे लागतात; अखेरीस नवे ऑइल व फिल्टर घालून, इंजिन थोडे चालवून, ते ऑइलही फेकावे लागते. महाग ऑइल दोनदा टाकण्याची ही पायरी काटकसरीपोटी गाळली जाते. आत उरलेला अंश मग नव्या ऑइललाही बिघडवतो.

बदलता काळ :
२०१७ मध्ये बी.एस.-४ आणि २०२० मध्ये बी.एस.-६ मानके देशभर लागू झाली. आजच्या इंजिनांत साध्या पाण्याऐवजी ग्लायकॉलयुक्त कूलंट लागते. ते गंज रोखते. मात्र ऑइलमध्ये उतरल्यास बेअरिंगला साध्या पाण्यापेक्षा अधिक घातक ठरते. दुसरीकडे एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजामुळे याच मार्गांवर अवजड वाहनांची वर्दळ वाढली आहे. संगणकीय तपासणी तापमान वाढल्याचे सांगते, पण पाणी कोणत्या लायनरवरून ओघळते ते अद्याप डोळ्यांनीच पाहावे लागते. हे पाहणे ज्यांनी तीस-चाळीस वर्षे केले, त्यांच्या मुलाखती आणि कार्यशाळांतील दुरुस्तीच्या नोंदवह्या ही या प्रदेशाच्या इतिहासाची साधने आहेत. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी त्यांचे संकलन आहेरी व आलापल्लीपासून सुरू करावे.