हृदय-साहाय्यक पंप

हृदय-साहाय्यक पंप : निकामी होत चाललेल्या हृदयाला रक्त पुढे ढकलण्यास मदत करणारे, शस्त्रक्रियेने छातीत बसवायचे यांत्रिक उपकरण. तो बहुधा डाव्या निलयाला जोडतात; अशा पंपाला ‘एलव्हीएडी’ म्हणतात. कृत्रिम हृदय बसवताना रोग्याची निलये काढावी लागतात. या पंपासोबत मात्र रोग्याचे हृदय जागीच राहते.

रचना व कार्य : हृदयाच्या टोकाशी बसवलेला पंप डाव्या निलयातील रक्त खेचतो आणि नळीवाटे महाधमनीत सोडतो. त्याची तार पोटाच्या त्वचेतून बाहेर येऊन नियंत्रक व बॅटऱ्यांना जोडलेली असते.

विकास : १९६६ मध्ये ह्यूस्टन येथे मायकेल डिबेकी यांनी शरीराबाहेर ठेवलेल्या पंपाच्या आधारे एका स्त्रीचे हृदय १० दिवस सावरले व ती बरी झाली. त्यानंतरचे रोपणक्षम पंप हृदयाप्रमाणे ठोके देत. प्रत्यारोपणास अपात्र अशा १२९ रुग्णांवरील ‘रीमॅच’ चाचणीत (२००१) एक वर्ष जगलेल्यांचे प्रमाण पंपामुळे ५२%, तर केवळ औषधोपचाराने २५% आढळले. मात्र हे पंप अवजड होते व त्यांचे भाग लवकर झिजत.

‘हार्टमेट २’ने ठोक्यांऐवजी अखंड प्रवाह स्वीकारला. त्यात फिरणारा भाग एकच असल्याने पंप लहान व टिकाऊ झाला. अमेरिकेत त्याला २००८ मध्ये प्रत्यारोपणापर्यंतच्या आधारासाठी आणि २०१० मध्ये कायमस्वरूपी उपचारासाठी मान्यता मिळाली. अशा रोग्यांची नाडी हाताला अनेकदा लागत नाही. पंपात रक्त गोठण्याचा धोका मात्र उरला. ‘हार्टमेट ३’मध्ये चक्र चुंबकीय बलाने अधांतरी फिरते, घर्षण टळते आणि रक्तपेशींना रुंद वाट मिळते. ‘मोमेंटम ३’ चाचणीत पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण या पंपाने ५८.४%, तर ‘हार्टमेट २’ने ४३.७% होते. दुसरा एक पंप, ‘एचव्हीएडी’, पक्षाघाताचे वाढीव प्रमाण व बंद पडल्यावर पुन्हा सुरू न होण्याचा दोष यांमुळे २०२१ मध्ये विक्रीतून काढून घेण्यात आला.

मर्यादा : रक्तस्राव, पक्षाघात, उजव्या निलयाची दुर्बलता आणि तारेच्या छिद्रातून होणारा जंतुसंसर्ग हे मुख्य धोके आहेत. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घ्यावे लागते. ‘हार्टमेट ३’च्या रुग्णांत त्यासोबतचे ॲस्पिरिन वगळल्यास गुठळ्यांचा धोका न वाढता रक्तस्राव कमी होतो, असे २०२३ च्या ‘एरीज’ चाचणीत दिसले. त्वचेतून तार न नेता शरीरात वीज पोहोचवण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते यशस्वी झाल्यास संसर्गाचे हे मोठे कारण नाहीसे होईल आणि रोग्याला मोकळेपणाने आंघोळ करता येईल.